ओढ्यातल्या मैलापाण्यासाठी अर्ज करत बसायचं का रस्त्यावर उतरायचं?

जयंतीकाठचा
नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितोय, पण शेवटपर्यंत वाचा.

आमच्या घरामागनं एक ओढा जातोय. तो पुढं जयंतीला मिळतो आणि जयंती पंचगंगेला. जयंतीला आता सगळं कोल्हापूर नाला म्हणतंय, पण आमची आजी शेवटपर्यंत जयंती नदीच म्हणायची, कळंब्याकडनं येणारी नदी, तिच्या काठावर त्यांनी धुणं धुतलंय.

गेल्या उन्हाळ्यात ओढ्याच्या कडेचं ड्रेनेजचं चेंबर फुटलं आणि गल्लीचं सगळं मैलापाणी थेट ओढ्यात पडायला लागलं. रात्री खिडकी उघडायची सोय राहिली नव्हती. पहिले दोन महिने आम्ही जे सगळे करतात तेच केलं. गल्लीतल्या सह्या गोळा करून निवेदन दिलं, त्यात ओढा, डास, खड्डे, बंद पडलेले दिवे, न येणारी कचऱ्याची गाडी, सगळं एकाच कागदावर. देताना फोटो काढला, ग्रुपवर टाकला, झालं काम. तो कागद कुठं गेला ते आजअखेर कळलं न्हाय. एका ऑफिसात विचारलं तर म्हणाले आमच्याकडं येत न्हाय, दुसऱ्या खात्यात जावा. दुसरीकडं म्हणाले पाईप आमची पण ओढा आमचा न्हाय. तिसऱ्यानं विचारलं चेंबर नक्की कुठं हाय ते लिहून द्या की. मला लई राग आलता तेव्हा. घरी येऊन निवेदनाची झेरॉक्स काढून बघितली तर खरंच जागाच लिहिलेली नव्हती, "परिसरातील ओढा" एवढंच.

मग पद्धत बदलली. एक अर्ज आणि मागणी एकच, अमुक गल्ली, अमुक खांबाजवळचं फुटलेलं चेंबर दुरुस्त करा. फोटो असा काढला की मागं खांब आणि त्याचा नंबर दिसतोय. आवक नंबर आणि शिक्का मारलेली पोच हातात पडेपर्यंत खिडकीसमोरनं हललो न्हाय. रोज सकाळी साडेसहाला आणि रात्री नऊला वहीत नोंद, पाणी पडतंय का, रंग कसा, वास कसा. पंधरा दिवसांनी त्याच नंबरचा दाखला देऊन स्मरणपत्र. तरी काय हललं न्हाय म्हणून माहिती अधिकार टाकला, तोही "नदी प्रदूषणाबाबत सर्व माहिती द्यावी" असला न्हवे, तर माझा अमुक नंबरचा अर्ज आज कुणाच्या टेबलावर हाय आणि कुठल्या तारखेला त्यावर काय केलं, एवढंच विचारलं. कायद्यानं उत्तराला तीस दिवस असतात. चोविसाव्या दिवशी जेसीबी दारात.

म्हणून माझं स्पष्ट मत असं झालंय की "पंचगंगा वाचवा" म्हणून मोर्चा काढण्यात आपण वर्षं घालवली. नदी वाचवणं हे कुठल्याच टेबलावरचं काम न्हवे, म्हणून कुठलंच टेबल हलत न्हाय. चेंबर दुरुस्त करणं हे मात्र कुणाचं तरी नेमकं काम असतंय, त्याच्या नावानं कागद असला की त्याला उत्तर द्यावंच लागतं. तुमचं काय मत?

पेठेतला गडी
भावा, तुझ्या चिकाटीला मानलं, पण मत अजिबात पटलं न्हाय. एका चेंबरला तुला अख्खा उन्हाळा लागला. शहरात अशी चेंबरं किती असतील? प्रत्येक गल्लीनं वही घेऊन बसायचं काय? ज्याला सकाळी सहाला एमआयडीसीत शिफ्टला जायचंय त्यानं कधी नोंदी करायच्या?

आणि कोल्हापूरला काय मिळालंय ते बघ की. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल अर्जानं गेला काय? दिवाळी बघितली न्हाय, पाऊस बघितला न्हाय, लहान पोरं आणि म्हाताऱ्या बायका सुद्धा रस्त्यावर उतरल्यात तेव्हा, म्हणून गेला. थेट पाईपलाईनसाठी किती वर्षं आंदोलनं झाली, तेव्हा कुठं २०२३ च्या दिवाळीला काळम्मावाडी धरणाचं पाणी शहरात आलं. हायकोर्टाच्या सर्किट बेंचसाठी वकील मंडळींनी किती दशकं लढा दिला, ऑगस्ट २०२५ मध्ये ते सुरू झालं. ह्यातलं एक तरी माहिती अधिकाराच्या दहा रुपयांच्या स्टॅम्पवर आलं असतं का ते सांग. ऑफिसात बसलेल्या माणसाला कागदाची भीती नसते, कागदाला कागदानं उत्तर देता येतं. दारात पाचशे माणूस उभं राहिलं की त्याला उत्तर कागदावर देता येत न्हाय.

विद्यापीठ होस्टेल
दोन्ही पटतंय. पण दादा, मुळात कुणाकडं जायचं हेच आमच्यासारख्यांना कळत न्हाय. पाणी काळं दिसलं तर महापालिका, प्रदूषण मंडळ, पाटबंधारे का कलेक्टर?

शिरोळकडचा शेतकरी
तुमच्या दोघांचं वाचून वाईट वाटलं, खरंच सांगतो. तुम्ही वासावर बोलायलाय, आम्ही ते पाणी घरात घेतोय. चेंबर दुरुस्त झालं, जेसीबी आला, खिडकी उघडली, तुमचा विषय मिटला. आमचा कधी मिटणार?

प्रयाग चिखलीला पाच नद्यांचा संगम होतो, तिथनं नृसिंहवाडीला कृष्णेत मिळेपर्यंत पंचगंगा साधारण ८० किलोमीटर वाहते. वरच्या शहरांचं आणि कारखान्यांचं जे काय पडतं ते शेवटी आमच्या दारात येतं. उन्हाळ्यात तेरवाडच्या बंधाऱ्यावर या एकदा. मेलेल्या माशांचा खच पडलेला असतो, केंदाळानं म्हणजे जलपर्णीनं पाणी दिसत न्हाय, आणि ती घाण बघून पोरं विचारतात की आबा ह्यात तुम्ही पोहायचा काय. मी पोहायचो. तळातली वाळू दिसायची.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली. तेव्हापासून आमच्याकडं कुणाला साधा ताप आला तरी घरातली बाई पहिला प्रश्न पाण्याबद्दल विचारते.

आणि दरवर्षी उपाय काय तर वरनं धरणातलं पाणी सोडतात, बंधाऱ्याचे बरगे म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या काढतात, आणि काळं पाणी पुढं ढकलतात. ते पुढं म्हणजे कुठं? आमच्याकडं आणि आमच्या पुढं कृष्णेत. शेताच्या वाट्याचं पाणी घाण ढकलायला वापरायचं आणि त्याला उपाययोजना म्हणायचं, हे आम्हाला मान्य न्हाय. त्यामुळं माझी बाजू पेठेतल्या भावाची. मोर्चाच पाहिजे, पण तो नदीच्या वरच्या गावापासनं खालच्या गावापर्यंत.

पाणीवाला (निवृत्त)
तीसेक वर्षं पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या कामात काढली, आता घरीच असतो. दोन्ही बाजूंनी भांडताय पण खरा घोळ कुठं हाय ते बाजूलाच राहिलं म्हणून लिहितो.

कसबा बावड्याला ७६ एमएलडीचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र हाय, दुधाळीला १७ एमएलडीचं. एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर. म्हणजे कागदावर रोज नऊ कोटी तीस लाख लिटर पाणी साफ करायची सोय हाय. मग नदी काळी का? कारण केंद्र बांधणं आणि मैलापाणी केंद्रापर्यंत पोचवणं ही दोन वेगळी कामं हायत. केंद्राचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते. घराघरातनं लाईनला कनेक्शन जोडण्याचं उद्घाटन होत न्हाय. जिथं लाईन न्हाय तिथं लोकांनी गटारीला पाईप जोडलेत, गटार ओढ्यात, ओढा नाल्यात. म्हणून मग ओढाच अडवायचा, पाणी उपसून केंद्राकडं पाठवायचं, हा जयंतीवरचा सगळा प्रकार. आता उपसा म्हटला की पंप आला, वीज आली. लाईट गेली, पंप बिघडला, किंवा एक वळवाचा पाऊस जोरात झाला आणि अडवायला घातलेले बरगे वाहून गेले, की मैला सरळ नदीत. पावसाचं पाणी आणि मैलापाणी एकाच नाल्यातनं येत असेल तर पावसाळ्यात कुठलाच पंप पुरा पडत न्हाय.

दुसरं, नदी आता वाहती राहिलेली न्हाय. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बरगे घालतात. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशी एकामागं एक तळीच होतात. शेतीला ते पाणी पाहिजेच, त्याबद्दल वाद न्हाय. पण साठलेल्या पाण्यात मैला कुजायला लागला की कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन खातात. आंघोळीच्या पाण्याचा जो सरकारी निकष हाय त्यात लिटरला किमान ५ मिलिग्रॅम विरघळलेला ऑक्सिजन पाहिजे, तो खाली गेला की मासा वर येऊन तोंड उघडतो. शिरोळच्या भावानं सांगितलेले मेलेले मासे बऱ्याचदा ह्यानंच मरतात. पहिला पाऊस आला की तळाचा गाळ ढवळतो, तेव्हा तर एका रात्रीत मरतात.

तेव्हा जयंतीकाठच्या दादा, तुमचं एक चेंबर दुरुस्त झालं, चांगलं झालं. पण त्या लाईनमधलं पाणी पुढं केंद्रापर्यंत जातंय का, का दोन गल्ल्या सोडून पुन्हा त्याच ओढ्यात पडतंय, ते बघितलंत का?

जयंतीकाठचा
काका, खरं सांगतो, न्हाय बघितलं. वास गेला आणि मी वही बंद केली. तुमचा प्रश्न वाचून आज संध्याकाळी ओढ्याच्या कडेनं चालत गेलो. तीनेकशे पावलांवर एका वाड्याच्या भिंतीतनं पाईप ओढ्यात आलेली हाय, आणि पुढं पुलाखाली आणखी एक. माझी चूक झाली. वहीचं नवीन पान घातलंय.

पण पेठेतल्या भावाला एक सांगतो. टोलला "टोल रद्द करा" ही एकच मागणी होती, एका वाक्याची, कुठल्या साहेबानं सही करायची ते सगळ्यांना माहीत होतं. पाईपलाईनचं तसंच, सर्किट बेंचचं तसंच. आंदोलन जिंकलं कारण मागणी नेमकी होती. नदीच्या मोर्चात आपण काय मागतो? "प्रदूषण थांबवा." साहेब म्हणतात हो थांबवतो, बैठक लावतो. आणि बैठक लागते.

पेठेतला गडी
बैठक लागते हे खरं हाय, चार-पाच बैठकांना मी स्वतः बसलोय, चहा-बिस्किट होऊन फोटो होतात. पण मग नेमकी मागणी घेऊन मोर्चा काढूया म्हण की, मोर्चाच नको कशाला म्हणतोस? आणखी एक विसरू नको. नोव्हेंबर २०२० ला महापालिका सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर पाच वर्षं प्रशासक. नगरसेवकच नव्हता. पूर्वी चेंबर तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडता येत होतं, तो रात्री अकराला सुद्धा गाडी बोलवायचा कारण त्याला परत मत मागायचं असायचं. कागदावर तुझा एवढा विश्वास बसला तो त्या पाच वर्षांत दुसरं दारच नव्हतं म्हणून, असं मला वाटतं.

बावड्याची ताई
सगळे साहेबांवरच बोलतायत म्हणून लिहिते. वाड्याच्या भिंतीतनं पाईप ओढ्यात सोडली ती कुठल्या साहेबानं सोडली? आपल्याच माणसानं ना? पुलावरनं जाताना निर्माल्याची पिशवी प्लास्टिकसकट खाली टाकणारे, जुन्या गाद्या, मटणाच्या दुकानाचा कचरा, घर पाडलेला राडारोडा, हे सगळं नाल्यात कोण टाकतंय? पाणी तुंबलं की मग महापालिका झोपली काय म्हणून आपणच ओरडायचं. आधी आपलं घर, मग मोर्चा आणि अर्ज.

शिरोळकडचा शेतकरी
ताई, कचऱ्याचं बोलताय ते बरोबर. पण हे "आधी स्वतःत बदल करा" ऐकून आमचे कान किटलेत. घरातल्या बाईनं निर्माल्य टाकलं तर तिच्यावर लेख येतात, आणि रात्री दोनला कारखान्याची टाकी नदीत मोकळी होते तेव्हा कोण जबाबदार ते ठरायला वर्ष जातं. एका पिशवीचं आणि एका टँकरचं वजन एका पारड्यात घालू नका.

पाणीवाला (निवृत्त)
ताईंचं अर्धं बरोबर हाय. लोक बदलतात, पण सोय दिली की बदलतात. गणपतीचं बघा. पंचगंगेत आणि रंकाळ्यात विसर्जन ही पिढ्यान्पिढ्यांची पद्धत, ती कुणी मोडेल असं मला नोकरीत असताना वाटलं नव्हतं. इराणी खणीत, म्हणजे जुन्या दगडाच्या खाणीत, सोय केली, गल्लोगल्ली कुंड ठेवले, मूर्ती घेऊन जायला गाड्या फिरवल्या, आणि लोकांनी ऐकलं. आज घरचे आणि मंडळांचे बहुतेक गणपती खणीत जातात. लोकांची श्रद्धा कमी झाली न्हाय, पर्याय मिळाला. ज्याच्या गल्लीत ड्रेनेजची लाईनच न्हाय त्यानं पाईप ओढ्यात सोडली तर त्याला नुसता शहाणपणा शिकवून काय होणार? लाईन जवळनं गेली असताना कनेक्शन घेत न्हाय त्याला मात्र नोटीस पाहिजे.

होस्टेलवाल्या पोराच्या प्रश्नाला कुणी उत्तर दिलं न्हाय, मी देतो. शहराच्या हद्दीतलं मैलापाणी गोळा करून त्याची विल्हेवाट लावणं हे १९४९ च्या महापालिका कायद्यानं महापालिकेचं बंधनकारक काम हाय, जमलं तर करायचं असलं न्हवे. कारखान्याचं रसायन, मळीचं पाणी, कापड प्रोसेसचं रंगीत पाणी असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळ. आणि महापालिकाच मैला सोडत असेल तर तिच्यावर कारवाई करायचा अधिकार पण मंडळालाच. बंधाऱ्याचे बरगे आणि धरणाचं पाणी पाटबंधारेकडं. सगळे एकमेकांकडं बोट दाखवायला लागले तर कलेक्टर ऑफिसात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो, पण तिथं अर्ज आधी पंधरा दिवस द्यावा लागतो, त्याच दिवशी कागद घेऊन गेलं की परत पाठवतात.

आणि एक, बाटलीत काळं पाणी भरून साहेबाच्या टेबलावर ठेवणारी मंडळी आयुष्यभर बघितली. पेपरात फोटो चांगला येतो, पण पुरावा म्हणून त्या बाटलीला शून्य किंमत. १९७४ च्या जल कायद्यात नमुना कसा घ्यायचा ते कलम २१ मध्ये सांगितलंय. मंडळाच्या अधिकाऱ्यानं घ्यायचा, ज्याचं पाणी त्याला तिथंच नोटीस द्यायची, नमुन्याचे दोन भाग करायचे, सील आणि सह्या करून मग प्रयोगशाळेत. तुम्ही मागायचं ते हे, की आत्ता पाणी पडतंय, आत्ता येऊन नमुना घ्या. आणि आला न्हाय तर आम्ही किती वाजता कळवलं आणि कोण किती वाजता आलं, ते लिहून ठेवायचं. पाणी सोडणारा रात्री सोडतो आणि नमुना दुसऱ्या दिवशी दुपारी घेतला जातो, सगळी मेख ह्या मधल्या तासांत हाय.

शिरोळकडचा शेतकरी
हे काका बोलले ते आमच्या इथं अनुभवलेलं हाय. मासे मेले की दुसऱ्या दिवशी साहेब येतात, तवर पाणी पुढं गेलेलं असतं. नमुना "मर्यादेत" येतो.

जयंतीकाठच्या भावा, एक सांग. तू रोज दोनदा नोंद केलीस. आमच्या बाजूला बंधाऱ्यावर पण पाच-सहा पोरं रोज सकाळी असतातच, जनावरं धुवायला, मोटारी चालू करायला. त्यांनी तसंच केलं तर? वरच्या बाजूला रुईला कोण तरी, इचलकरंजीला कोण तरी. काळं पाणी कुठल्या दोन बंधाऱ्यांच्या मधनं सुरू झालं ते तरी कळेल. आजवर आम्ही नुसतं "वरनं आलं" एवढंच म्हणत आलोय.

जयंतीकाठचा
दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. एकच करा, सगळ्यांनी एकाच वेळेला नोंद घ्यायची, सकाळी साडेसहा. रंग, वास, फेस, मासे वर आलेत का, बरगे आहेत का काढलेत, आणि एक फोटो ज्यात बंधाऱ्याची ओळखीची खूण पाहिजे. वाटलं म्हणून काय लिहायचं न्हाय, दिसलं तेवढंच. उच्च न्यायालयात पंचगंगेवर याचिका झाली, नीरीसारख्या पर्यावरण संशोधन संस्थेचा अहवाल झाला, ते सगळं मोठ्या माणसांनी केलं. आता बेंच इथंच हाय, वकिलाला मुंबईला जायचा खर्च न्हाय. पण वकील पहिल्यांदा विचारणार, पुरावा काय. तेव्हा वह्या पुढं करायच्या.

पेठेतला गडी
वही करा, मी आडवा येत न्हाय. पण मी लिहून देतो, वर्षभराच्या नोंदी घेऊन गेलात तरी "अहवाल मागवला आहे" हेच उत्तर मिळेल आणि तेव्हा तुम्हाला आमच्याच पेठेत यावं लागेल. माझं मत बदललेलं न्हाय. मागणी नेमकी पाहिजे हे मात्र मान्य, मागच्या वेळी आमच्या निवेदनात सोळा मागण्या होत्या, त्यातल्या अर्ध्या मला सुद्धा आता आठवत न्हाईत.

बावड्याची ताई
आमच्या घराच्या गच्चीवरनं राजाराम बंधारा दिसतो. साडेसहाची नोंद मी घेते. आणि त्या वाड्याच्या पाईपचं काय ठरलं? त्यांच्याशी आधी कुणी बोललंय का, का थेट अर्जच टाकणार?

जयंतीकाठचा
अजून बोललो न्हाय ताई. भाडेकरूंचा वाडा हाय, मालक पुण्याला. उद्या जातो. लाईन त्यांच्या दारापासनं किती लांब हाय ते आधी मोजतो, जवळ असेल तर मालकाला फोन, नसेल तर लाईनसाठी अर्ज. पुलाखालची दुसरी पाईप कुणाची ते अजून कळलेलं न्हाय, तिच्यातनं रात्रीच पाणी येतंय.